नावडत्यांच्या यादीत कोण असावं?

१८ डिसेंबर २०२२, कतारमधलं लुसेल स्टेडियम. फुटबॉल विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जादा वेळेची शेवटची काही मिनिटं उरली होती आणि अर्जेंटिना ३-२ने पुढे होता. फ्रान्सच्या एम्बाप्पेचा फटका अर्जेंटिनाच्या गोन्झालो मोन्तिएलच्या हाताला लागला. पंचांनी पेनल्टी दिली आणि ११८व्या मिनिटाला ३-३ अशी बरोबरी झाली. थोड्याच वेळात फ्रान्सचा कोलो मुआनी गोलरक्षकासमोर एकटा उभा होता. तो चेंडू आत गेला असता, तर मोन्तिएल हे नाव अर्जेंटिनात पिढ्यानपिढ्या कोणत्या सुरात घेतलं गेलं असतं, हे वेगळं सांगायला नको. अर्जेंटिनाचा गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझने डावा पाय पसरून तो फटका अडवला. मग शूटआऊट झालं, म्हणजे दोन्ही संघांनी पाळीपाळीने पेनल्ट्या मारल्या. अर्जेंटिनाची चौथी पेनल्टी मोन्तिएलच्याच वाट्याला आली, त्याने ती जाळ्यात मारली आणि ३६ वर्षांनी चषक अर्जेंटिनाकडे परतला. खलनायक होता होता तो नायक झाला. मधल्या काळात त्याच्या खेळात तसूभरही फरक पडला नव्हता. त्याची कीर्ती दुसऱ्याच माणसाच्या डाव्या पायावर टांगलेली होती.

प्रत्येक चाहत्याच्या मनात दोन याद्या असतात, आवडत्यांची आणि नावडत्यांची. नावडत्यांची यादी जास्त टिकते, जास्त बोलली जाते आणि जास्त बेफिकिरीने केली जाते. तिच्यात तीन तऱ्हेची माणसं एकत्र कोंबलेली असतात: ऐन वेळी ज्याच्या हातून चूक झाली तो, नियम मोडून ज्याने फायदा उकळला तो, आणि समोरच्याला ज्याने जायबंदी केलं तो. या तिघांची एकच मोट बांधणं अन्यायाचं आहेच. त्याहून मोठं नुकसान असं, की चाहत्यांचा राग त्यात वाया जातो. हा राग ही फुटबॉलमधली मोठी ताकद आहे. तो माणसावर कोसळला तेव्हा माणसं उद्ध्वस्त झाली. तो नियमाकडे वळला तेव्हा खेळ सुधारला. म्हणून नावडत्यांची यादी हा खासगी करमणुकीचा विषय आहे, असं मला वाटत नाही.

आधी चुकणाऱ्यांचं बघू. यादीत सर्वात जास्त गर्दी त्यांचीच असते आणि तिथे त्यांचं काहीच काम नसतं.

पेनल्टीत चेंडू गोलरेषेपासून ११ मीटरवर ठेवतात. समोर ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच गोल. जोरकस फटका अर्ध्या सेकंदाच्या आत गोलरेषेपर्यंत पोहोचतो, त्यामुळे चेंडू सुटल्यावर बघून झेपावणाऱ्या गोलरक्षकाला कोपरा गाठणं जवळजवळ अशक्य असतं. त्याला आधीच अंदाज बांधावा लागतो. तरीही साधारण चारातली एक पेनल्टी वाया जाते. आता हिशोब करा. प्रत्येक फटका यशस्वी होण्याची शक्यता ७५ टक्के धरली, तर एका संघाच्या पाचही जणांनी गोल करण्याची शक्यता २४ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पाच जण फटके मारायला गेले, तर त्यातला किमान एक जण चुकण्याचीच शक्यता जास्त. त्याहून साधी गोष्ट अशी, की कुणीतरी चुकल्याशिवाय शूटआऊट संपतच नाही. नियमाची रचनाच तशी आहे. दर शूटआऊटमधून एक पराभूत माणूस बाहेर पडणार हे आधीच ठरलेलं असतं, फक्त नाव ठरलेलं नसतं. त्या नावाचा द्वेष करायचा, म्हणजे चिठ्ठी ज्याच्या नावाची निघाली त्यालाच शिक्षा द्यायची.

१७ जुलै १९९४ला पासाडेनाच्या रोझ बोलवर विश्वचषकाच्या अंतिम शूटआऊटमध्ये इटलीच्या रॉबर्टो बॅजिओचा फटका क्रॉसबारवरून, म्हणजे गोलच्या आडव्या दांडीवरून गेला आणि ब्राझील ३-२ने जिंकला. मान खाली घालून उभा राहिलेला बॅजिओ जगाला आठवतो. त्याच शूटआऊटमध्ये त्याच्याआधी फ्रँको बारेसी आणि दानिएले मासारो चुकले होते, हे किती जणांना आठवतं? बॅजिओने गोल केला असता, तरी ब्राझीलची पाचवी पेनल्टी बाकीच होती, आणि ती आत गेली असती तर निकाल तोच लागला असता. आणखी एक हिशोब. बाद फेरीत अंतिम सामन्यापर्यंत येताना इटलीने सहा गोल केले: नायजेरियाविरुद्ध दोन, स्पेनविरुद्ध दोन, बल्गेरियाविरुद्ध दोन. त्यातले पाच एकट्या रॉबर्टो बॅजिओचे. तो नसता तर इटली त्या मैदानावर पोहोचलीच नसती. इतक्या कामाचं मोल एका फटक्याने पुसून टाकणारी यादी आपल्या स्मरणशक्तीचीच लाज काढते.

युरो २०२०चा अंतिम सामना ११ जुलै २०२१ला वेम्बलीवर झाला. इंग्लंडचे रॅशफोर्ड, सँचो आणि साका पेनल्टी चुकले. रॅशफोर्ड आणि सँचो यांना जादा वेळ संपता संपता, केवळ पेनल्टी मारण्यासाठी मैदानात उतरवलं होतं. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. पेनल्टी मारताना पाय सैल लागतात, चेंडूचा आणि गवताचा अंदाज अंगात भिनलेला लागतो. जो खेळाडू दोन तास बाकावर बसला, ज्याने चेंडूला जेमतेम स्पर्श केला, त्याला मध्यरेषेपासून पेनल्टीच्या ठिपक्यापर्यंत चालत जाऊन थेट तो फटका मारायला सांगितलं गेलं. रॅशफोर्डने अडखळती धाव घेऊन गोलरक्षकाला चुकीच्या बाजूला झुकवलंही, पण चेंडू खांबाला लागला. पाचवा फटका १९ वर्षांच्या साकाकडे का दिला, हा प्रश्न रास्त होता, पण तो प्रशिक्षकाला विचारायचा प्रश्न होता. प्रत्यक्षात तिघांच्या वाट्याला वर्णद्वेषी शिव्या आल्या. चाहत्याने नावडत्यांच्या यादीत कुणाला घालायचंच असेल, तर त्या रात्री त्या शिव्या लिहिणाऱ्यांना घालावं.

याच रागाने याआधी काय केलं आहे, तेही विसरता येत नाही. १६ जुलै १९५०, माराकाना. ब्राझीलला विजेतेपदासाठी फक्त बरोबरी हवी होती आणि ते उरुग्वेकडून २-१ने हरले. दुसऱ्या गोलचा दोष आयुष्यभर गोलरक्षक मोआसिर बार्बोसाच्या माथी बसला. तो गोल तंत्राच्या अंगाने बघा. पहिल्या गोलच्या वेळी उरुग्वेचा गिग्गिया उजव्या बाजूने आत आला आणि त्याने चेंडू मध्ये स्कियाफिनोकडे दिला. ७९व्या मिनिटाला तो तसाच आत आला. कोणताही शहाणा गोलरक्षक पुन्हा त्याच पासची अपेक्षा ठेवून अर्धं पाऊल पुढे सरकेल. बार्बोसा सरकला. गिग्गियाने ते हेरलं आणि जवळच्या खांबालगतच्या फटीतून थेट गोल मारला. यात बार्बोसाची चूक म्हणायची तर इतकीच, की समोरच्याने त्याच्यापेक्षा एक विचार जास्त केला. ज्याने गिग्गियाला दोनदा मोकळी वाट दिली त्या बचावफळीची चर्चा त्या मानाने थोडकीच झाली. बार्बोसा २०००मध्ये वारला, तोवर तो त्याच गोलचा माणूस राहिला.

कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारला तर तेवढीही वर्षं मिळाली नाहीत. २२ जून १९९४ला अमेरिकेविरुद्ध डावीकडून आलेला खालचा क्रॉस अडवायला त्याने पाय लांबवला आणि स्वयंगोल झाला. स्वतःच्या गोलकडे तोंड करून धावणाऱ्या बचावपटूपुढे अशा वेळी दोनच पर्याय असतात. पाय घालायचा आणि चेंडू कुठेही जाण्याचा धोका पत्करायचा, नाहीतर चेंडू सोडायचा आणि मागच्या आघाडीवीराला रिकामा गोल द्यायचा. एस्कोबारने बचावपटूला शिकवतात तेच केलं. २ जुलैला मेडेलिनमध्ये त्याचा गोळ्या घालून खून झाला. तो २७ वर्षांचा होता. स्वयंगोल करणाऱ्याबद्दल सहज तोंडातून शब्द काढताना ही तारीख आठवावी, एवढी माझी विनंती आहे.

दुसरा गट लबाडीचा. इथे राग रास्त आहे, पण तो पक्षपाती आहे.

२२ जून १९८६, अझ्तेका स्टेडियम. ५१व्या मिनिटाला मॅराडोनाने हाताने चेंडू इंग्लंडच्या गोलरक्षक शिल्टनवरून आत ढकलला आणि चारच मिनिटांनी स्वतःच्या अर्ध्या मैदानातून निघून इंग्लंडचा बचाव चिरत दुसरा गोल केला. पहिला गोल माझ्या नावडत्या क्षणांत आहे, दुसरा आवडत्या क्षणांत सर्वात वर. एकाच माणसाचे हे दोन गोल दोन वेगवेगळ्या याद्यांत ठेवायला मला काहीच अडचण येत नाही, कारण यादी माणसांची नसावी, कृतींची असावी. ज्यांना मॅराडोना संपूर्ण प्रिय आहे ते पहिल्या गोललाही चातुर्य म्हणतात. ज्यांना तो संपूर्ण अप्रिय आहे ते दुसऱ्या गोलकडे बघतच नाहीत. दोघेही खेळाचा अर्धा भाग गमावून बसतात. फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने नोव्हेंबर २००९मध्ये आयर्लंडविरुद्ध चेंडू हाताने थांबवून गालासला गोल करून दिला, तेव्हा त्याला जगभरातून दूषणं मिळाली. हात तोच, फायदा तोच, पंचांची नजर चुकणंही तेच. फरक एवढाच, की चार मिनिटांनी भरपाई करणारा दुसरा गोल ऑन्रीकडे नव्हता.

आणि आता लुईस सुआरेझ. इथे मी जरा थांबणार आहे, कारण या विषयातली सगळी गुंतागुंत या एका घटनेत आहे.

२ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, उपांत्यपूर्व फेरी, उरुग्वे विरुद्ध घाना, १-१. जादा वेळेचे शेवटचे क्षण. अडियाहचा हेडर गोलात जात असताना गोलरेषेवर उभ्या सुआरेझने दोन्ही हातांनी तो अडवला. लाल कार्ड, पेनल्टी. असामोआ ग्यानचा फटका क्रॉसबारला लागला. शूटआऊटमध्ये उरुग्वे ४-२ने जिंकला. विश्वचषकाच्या उपांत्य फेरीत जाणारा पहिला आफ्रिकी संघ होण्याची घानाची संधी हुकली. तो मान पुढे २०२२मध्ये मोरोक्कोने मिळवला. त्या रात्रीपासून असंख्य चाहत्यांच्या यादीत सुआरेझ पहिला आहे.

आता या घटनेशेजारी दुसरी ठेवा. १२ जानेवारी २०२०, स्पॅनिश सुपर कप, रेआल माद्रिद विरुद्ध अॅटलेटिको माद्रिद, ०-०. ११५व्या मिनिटाला मोराता एकटा गोलकडे धावत सुटला होता. फेडे वाल्वेर्देने मागून पाय घालून त्याला पाडलं. लाल कार्ड मिळालं, पण गोल टळला आणि रेआलने शूटआऊट जिंकलं. वाल्वेर्देला सामनावीराचा पुरस्कार मिळाला. प्रतिस्पर्धी प्रशिक्षक सिमिओने यांनीही बाहेर जाताना त्याला थोपटलं. हिशोब दोन्हीकडे एकच होता: जाणूनबुजून नियम मोडायचा, ठरलेली शिक्षा भोगायची आणि संघाला वाचवायचं. उलट, पूर्ण वेगात पळणाऱ्या माणसाचे पाय मागून कापण्यात घोटा किंवा गुडघा जाण्याचा धोका होता. सुआरेझच्या हाताने कुणालाही इजा होणार नव्हती. एकाला पुरस्कार आणि दुसऱ्याला जन्माचा कलंक, हे कोणत्या न्यायाने?

मॅराडोना आणि ऑन्री यांनी पंचांना फसवलं. सुआरेझने कुणालाही फसवलं नाही. सगळ्यांदेखत नियम मोडला, कार्ड घेतलं, बाहेर गेला आणि नेदरलँड्सविरुद्धच्या उपांत्य सामन्याला मुकला. दोष शिक्षेत होता. गोलमध्ये नक्की जाणारा चेंडू जाणूनबुजून हाताने अडवला तर पेनल्टी आणि लाल कार्ड मिळतं. पेनल्टी म्हणजे साधारण पाऊण गोल. म्हणजे जो गोल शंभर टक्के होता, त्याच्या बदल्यात पाऊण गोल परत मिळाला. उरलेला पाव गोल लाल कार्डाने भरून निघावा अशी अपेक्षा आहे, आणि खरा घोळ तिथेच आहे. लाल कार्डाची किंमत घड्याळावर ठरते. पहिल्या मिनिटाला मिळालं, तर संघाला अख्खा सामना दहा जणांनी काढावा लागतो. १२०व्या मिनिटाला मिळालं, तर त्या सामन्यापुरती त्याची किंमत शून्य, कारण खेळायला वेळच उरलेला नसतो. सामना जितका संपत येतो तितका हा नियम मोडणं स्वस्त होत जातं. ज्या क्षणी त्याचा धाक सर्वात जास्त हवा, त्याच क्षणी तो सर्वात कमी असतो.

यावर उपाय नाही असं नाही. रग्बीत गैरमार्गाने ट्राय अडवला तर पंच ‘पेनल्टी ट्राय’ देतात, म्हणजे गुण थेट मिळतात. बास्केटबॉलमध्ये खाली उतरणारा चेंडू बचाव करणाऱ्याने अडवला तर बास्केट मोजतात. फुटबॉलमध्येही असा गोल थेट देता येईल. आक्षेप असा घेतात, की चेंडू नक्की आत जाणार होता हे ठरवायचं कसं? मागे दुसरा बचावपटू असेल, चेंडू खांबाला लागेल, गोलरक्षक पोहोचेल. आक्षेप खरा आहे, म्हणून नियम अरुंद ठेवावा. गोलरक्षक सोडून दुसऱ्या खेळाडूने, गोलसमोरच्या साडेपाच मीटरच्या लहान चौकटीत, जाणूनबुजून हाताने, आणि त्याच्या व गोलरेषेच्या मध्ये कुणीही नसताना चेंडू अडवला, तरच थेट गोल द्यावा. बाकी सर्व प्रसंगी आजचीच पेनल्टी राहू द्यावी. व्हिडिओ पंच आता हाताशी आहेत, तेव्हा ही खातरजमा एका मिनिटाचं काम आहे. थेट गोल दिल्यावर लाल कार्डही ठेवायचं का, यावर वाद होऊ शकतो. मी ठेवेन, कारण कृती मुद्दाम केलेली आहे. घानाच्या बाजूने रागावलेल्या लाखो लोकांनी सुआरेझला शिव्या देण्याऐवजी हा एक बदल लावून धरला असता, तर इतक्या वर्षांत तो कदाचित झालाही असता.

सुआरेझ कुणाला नावडता असेल तर त्यासाठी दुसरी कारणं आहेत आणि ती भक्कम आहेत. त्याने मैदानावर तीनदा प्रतिस्पर्ध्याला चावा घेतला: २०१०मध्ये बक्कल, २०१३मध्ये इव्हानोविच, २०१४च्या विश्वचषकात किएलिनी. शिवाय २०११मध्ये पॅट्रिस एव्हराशी वर्णद्वेषी बोलल्याबद्दल त्याला आठ सामन्यांची बंदी झाली. यांतल्या एकाही कृतीचा संघाला काडीचा उपयोग नव्हता. तो यादीत या चार गोष्टींसाठी जावा. हाताच्या त्या अडवणुकीसाठी नाही.

लबाडीच्या गटातच आणखी एक उपप्रकार आहे आणि तो मला सर्वात जास्त खटकतो: खोटं नाटक करून दुसऱ्याला शिक्षा देववणं. २००२च्या विश्वचषकात तुर्कस्तानच्या हाकन उन्सालने मारलेला चेंडू कॉर्नरजवळ उभ्या ब्राझीलच्या रिव्हाल्डोच्या पायाला लागला आणि तो चेहरा धरून कोसळला. उन्सालला दुसरं पिवळं कार्ड मिळून बाहेर जावं लागलं. रिव्हाल्डोला नंतर दंड झाला, पण तुर्कस्तानचा माणूस परत आला नाही. मुद्दाम हात लावणारा निदान स्वतःची किंमत मोजतो. नाटक करणारा ती किंमत दुसऱ्याच्या खिशातून देतो. रिव्हाल्डोच्या डाव्या पायाचं कौतुक असणाऱ्यांनीही हा क्षण नावडत्यांत लिहून ठेवायला हरकत नाही.

तिसऱ्या गटाबद्दल फार वाद होऊ नये. ८ जुलै १९८२ला सेव्हिलमध्ये पश्चिम जर्मनीचा गोलरक्षक शुमाखर उडी मारून फ्रान्सच्या बातिस्तोंवर आदळला. बातिस्तों बेशुद्ध झाला, त्याचे दात पडले, मणक्याला इजा झाली. पंचांनी साधा फाऊलही दिला नाही, खेळ गोल किकने सुरू झाला आणि पुढे शूटआऊटमध्ये शुमाखरनेच दोन पेनल्ट्या अडवल्या. २०१०च्या अंतिम सामन्यात नायजेल डी यॉन्गचा बूट शाबी अलोन्सोच्या छातीत बसला आणि त्याला पिवळ्या कार्डावर सोडण्यात आलं. ते लाल हवं होतं, हे पंच हॉवर्ड वेब यांनी नंतर स्वतःच मान्य केलं. अशा टॅकलचा निवाडा करताना चाहते ‘चेंडूला आधी पाय लागला’ असा बचाव करतात. नियम वेगळंच विचारतो. निव्वळ निष्काळजीपणा असेल तर फ्री किक. समोरच्याला धोका आहे याची पर्वा केली नसेल तर पिवळं. गरजेपेक्षा जास्त जोर लावून त्याची सुरक्षितता धोक्यात आणली असेल तर लाल. त्यामुळे रिप्ले बघताना चेंडूकडे नको, बुटाकडे बघावं. खिळे समोर आहेत का, पाय जमिनीपासून किती वर आहे, एक पाय आहे की दोन्ही, गुडघा वाकलेला आहे की ताठ. ताठ पाय, उघडे खिळे आणि घोट्याच्या वर स्पर्श असेल, तर आधी चेंडू लागला तरी ते लाल कार्डच.

राग योग्य जागी गेला की काय होतं, याचे दाखले भरपूर आहेत. १९६६च्या विश्वचषकात पेलेला बल्गेरिया आणि पोर्तुगालने तुडवलं. त्या वेळी कार्डं नव्हती, बदली खेळाडूही नव्हता, म्हणून पोर्तुगालविरुद्ध तो लंगडत मैदानात राहिला. १९७०च्या विश्वचषकात पिवळी-लाल कार्डं आली, बदली खेळाडू आले, आणि त्याच पेलेचा सर्वात सुंदर विश्वचषक जगाला बघायला मिळाला. २५ जून १९८२ला गिहोनमध्ये पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांना १-० हा निकाल सोयीचा होता. गोल झाल्यावर दोघांनी उरलेला सामना चेंडू इकडेतिकडे टोलवत काढला आणि आदल्या दिवशीच आपला शेवटचा सामना खेळून बसलेला अल्जेरिया बाहेर फेकला गेला. संतापाची लाट उठली आणि १९८६पासून विश्वचषकातल्या गटाचे शेवटचे दोन सामने एकाच वेळी होऊ लागले. १९९०च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत फक्त ११५ गोल झाले. गोलरक्षकाकडे चेंडू परत देऊन तो हातात धरून ठेवण्याचा सर्वांना वीट आला. १९९२मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेण्यावर बंदी आली. त्यातून पायाने खेळणारा गोलरक्षक जन्माला आला, ज्याचं आज सगळे कौतुक करतात. २०१०मध्ये जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका रेषेच्या चांगलाच आत पडूनही गोल दिला गेला नाही. दोन वर्षांत गोलरेषा तंत्रज्ञानाला मंजुरी मिळाली. २०२२च्या त्याच अंतिम शूटआऊटमध्ये मार्टिनेझने चेंडू दूर फेकून फ्रान्सच्या चुआमेनीला ताटकळत ठेवलं. २०२३मध्ये, पेनल्टी मारणाऱ्याचं लक्ष विचलित करण्यासाठी गोलरक्षकाने अनुचित वर्तन करू नये, अशी स्पष्ट तरतूद नियमात आली. कोलो मुआनीचा फटका अडवणारा मार्टिनेझ माझ्या आवडत्यांत आहे, चेंडू फेकणारा नाही.

आवडत्यांच्या यादीचं दुखणं वेगळं आहे. ती गोल आणि अर्ध्या मिनिटाच्या क्लिपांवर पोसलेली असते. ९० मिनिटांच्या सामन्यात एका खेळाडूच्या पायाशी चेंडू जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. उरलेल्या वेळात तो काय करतो, हे क्लिपमध्ये येतच नाही. २००३च्या उन्हाळ्यात रेआल माद्रिदने बेकहॅम घेतला आणि बचावफळीपुढे खेळणाऱ्या क्लॉड मकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिलं. पुढचे तीन मोसम रेआलला ला लीगा, म्हणजे स्पेनची लीग, जिंकता आली नाही. चेल्सीने २००४-०५चं इंग्लिश लीगचं विजेतेपद मिळवलं तेव्हा ३८ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. सगळं श्रेय एका माणसाचं नव्हे, पण बचावफळीपुढची ती जागा कोण भरतो, यावर मागचे चौघे किती सुखात राहतात हे ठरतं. एन्गोलो कान्तेचं उदाहरण आणखी ठसठशीत आहे. २०१५-१६मध्ये तो लेस्टरमध्ये होता, लेस्टर विजेता. पुढच्या मोसमात तो चेल्सीत गेला. आदल्या वर्षी दहाव्या क्रमांकावर असलेली चेल्सी विजेती ठरली आणि लेस्टर बाराव्या क्रमांकावर घसरलं. गोल करणारे वार्डी आणि माहरेझ मात्र लेस्टरमध्येच होते.

असे खेळाडू डोळ्यांत भरायला बघण्याची सवय बदलावी लागते. एका सामन्यात पंधरा मिनिटं चेंडू सोडून एकाच मधल्या खेळाडूकडे बघावं. पास येण्याआधी तो मान वळवून मागे किती वेळा बघतो हे मोजावं. चेंडू घेताना त्याचं अंग अर्धं वळलेलं आहे की गोलकडे पाठ आहे, ते बघावं. अर्धं वळलेलं असेल तर पहिल्या स्पर्शातच तो पुढे जाऊ शकतो, पाठ असेल तर चेंडू मागेच जाणार. आपल्या संघाने चेंडू गमावला की पुढच्या पाच सेकंदांत तो कुठे धावतो ते बघावं: चेंडूवर, की ज्याच्याकडे पास जाणार त्या वाटेवर. आडव्या पासवर शिट्ट्या मारण्याआधी समोर खरंच मोकळा माणूस होता का, हे तपासावं. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे फिरत असल्याने हे सगळं नेहमी दिसत नाही, हे खरं. मैदानात बसून सामना बघण्याचा मोठा फायदा हाच. तसं बघणाऱ्याची आवडत्यांची यादी दोन-तीन महिन्यांत ओळखू न येण्याइतकी बदलते.

क्षणांचंही तसंच. गोल न झालेले क्षण माझ्या यादीत बरेच वर आहेत. १९७०मध्ये ग्वादालाहारात पेलेचा खाली आपटलेला हेडर गॉर्डन बँक्सने वर उचलून बाहेर काढला, तो एक. त्याच स्पर्धेत उरुग्वेच्या गोलरक्षकाला, चेंडूला स्पर्शही न करता, पेलेने चकवलं आणि मग फटका खांबाच्या बाजूने बाहेर गेला, तो दुसरा.

आणि तिसरा २६ सप्टेंबर २०१२चा. नापोली विरुद्ध लाझिओ, सामन्याची पहिलीच काही मिनिटं, ०-०. कॉर्नरवरून लाझिओच्या मिरोस्लाव क्लोझेने चेंडू जाळ्यात घातला आणि पंचांनी गोल दिला. चेंडू हाताला लागल्याचं त्यांना दिसलं नव्हतं. क्लोझे त्यांच्याकडे गेला आणि हाताला लागला होता, असं त्याने स्वतः सांगितलं. गोल रद्द झाला. नापोलीच्या खेळाडूंनी येऊन त्याचा हात हातात घेतला. पुरुषांच्या विश्वचषकातले १६ गोल, म्हणजे तोवरच्या इतर कुणाहीपेक्षा जास्त, ज्याच्या नावावर पुढे लागले, त्या क्लोझेचा हा न झालेला गोल मी सर्वात वर ठेवतो. नापोलीच्या कवानीने मग तीन गोल केले आणि लाझिओ तो सामना ३-०ने हरला.